वीजदर ठरवणारे तिघे: त्यांना नेमतं कोण, हटवतं कोण आणि खुर्चीवर असताना त्यांना काय वर्ज्य असतं?

२८ मार्च २०२५ ला महावितरणच्या पुढच्या पाच वर्षांच्या वीजदरांचा आदेश आला. आठवडाही उलटला नव्हता, तोवर त्याला स्थगिती मिळाली. मग २५ जूनला फेरविचाराचा आदेश निघाला आणि १ जुलैपासून नवे दर लागू झाले. बातम्यांमध्ये एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं: महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. दर वाढले की लोक सरकारला बोल लावतात, सरकार म्हणतं दर आयोगानं ठरवले, आणि आयोग म्हणजे नेमकं कोण हे बिल भरणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आयोग म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन, असं वीज कायदा २००३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. खाली सचिव, तांत्रिक अधिकारी, वित्त विभाग असा सगळा पसारा असला तरी आदेशावर सही या तिघांची. दर ठरवण्याचे नियम किचकट आहेत, पण या तिघांना नेमण्याचे आणि आवरण्याचे नियम समजायला तेवढे अवघड नाहीत.

आयोग मुळात आला कशासाठी?

पूर्वी राज्य वीज मंडळ वीज बनवायचं, वाहून न्यायचं, विकायचं आणि दरही सरकारच्या संमतीनं तेच ठरवायचं. निवडणूक तोंडावर आली की दर गोठायचे आणि तोटा साचत जायचा. हे थांबवण्यासाठी दर ठरवण्याचं काम बाजूला काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यायचं ठरलं. ओडिशानं १९९६ मध्ये सुरुवात केली, १९९८ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि ५ ऑगस्ट १९९९ ला महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला. २००३ च्या कायद्यानं हे सगळं एका छत्राखाली आणलं. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या.

अशा मंडळाला 'नियामक' म्हणतात. एखाद्या क्षेत्राचे नियम करायचे, त्या क्षेत्रातल्या कंपन्यांना परवाने द्यायचे, दर ठरवायचे आणि त्यांच्यातले वादही सोडवायचे, अशी तिहेरी-चौहेरी कामं तो करतो. नियम करणं हे विधिमंडळासारखं काम, परवाने देणं सरकारसारखं आणि वाद सोडवणं न्यायालयासारखं. एवढी सत्ता तिघांच्या हाती एकवटते, म्हणून त्यांच्या नेमणुकीचे नियम कडक हवेत.

पण त्यांना सरकारच नेमतं ना?

हो. आणि इथंच खरी गोम आहे. महावितरण, महानिर्मिती, महापारेषण या तिन्ही कंपन्या राज्य सरकारच्या मालकीच्या. मुंबईत अदानी आणि टाटा या खासगी कंपन्या आहेत, महापालिकेचा बेस्ट उपक्रमही आहे, पण राज्याच्या बहुतेक भागाला वीज पुरवणारी कंपनी सरकारची. म्हणजे कुस्तीच्या फडात ज्याचा पैलवान उतरलाय, त्यानंच पंच नेमायचा.

यावर कायद्याचा उपाय असा: सरकारनं नेमावं, पण वाटेल त्याला नव्हे. नेमल्यावर त्याला धाक दाखवता येऊ नये, आणि काम संपल्यावर त्यानं ज्यांचे निवाडे केले त्यांच्याच दारात नोकरीसाठी उभं राहू नये. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

निवड कशी होते?

कलम ८५ मध्ये निवड समिती आहे. तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश. दुसरा सदस्य राज्याचा मुख्य सचिव. तिसरा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा किंवा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचा अध्यक्ष. एक न्यायसंस्थेतला, एक राज्याचा, एक केंद्राकडचा, असा तोल साधलाय. समिती स्थापन करण्याचं काम मात्र राज्य सरकारकडेच आहे, हे विसरू नये.

उमेदवाराला अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा व्यवस्थापन यांतल्या प्रश्नांची जाण हवी आणि ते हाताळण्याची क्षमता त्यानं दाखवलेली हवी. केंद्रीय आयोगात कोणत्या विषयाचे किती सदस्य हे ठरलेलं आहे. राज्य आयोगाच्या बाबतीत कायद्यानं अशी वाटणी केलेली नाही. त्यामुळे तिन्ही सदस्य प्रशासनातून आलेत, असं होऊ शकतं.

समिती प्रत्येक रिकाम्या जागेसाठी दोन नावं देते. एक नाही, दोन. अंतिम निवड सरकारची. नावं देण्याआधी समितीनं खात्री करायची असते, की या माणसाचा असा कोणताही आर्थिक वा इतर हितसंबंध नाही, ज्यानं त्याच्या कामावर वाईट परिणाम होईल. खात्री समितीची स्वतःची असते. ती कशाच्या आधारे केली, उमेदवारानं काय जाहीर केलं, हे लोकांसमोर ठेवण्याचं बंधन वीज कायद्यात नाही. आपल्या मते निवडीच्या नियमांतली ही सर्वांत कच्ची वीट आहे.

न्यायाधीशासाठी वेगळी वाट

अध्यक्ष म्हणून उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश नेमायचा असेल, तर निवड समितीच लागत नाही. सरकारनं त्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा सल्ला घ्यायचा आणि नेमणूक करायची. वाट सरळ दिसते. दिल्लीत २०२३ मध्ये ती किती वळणांची निघाली ते पाहा.

दिल्लीच्या आयोगाचे अध्यक्ष जानेवारी २०२३ मध्ये वयाच्या अटीनुसार पायउतार झाले. दिल्ली सरकारनं मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या एका माजी न्यायमूर्तींचं नाव पुढं केलं. नायब राज्यपालांकडे प्रश्न अडला: सल्ला कुणाचा घ्यायचा, दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींचा की मध्य प्रदेशच्या? कायद्यात 'त्या उच्च न्यायालयाच्या' एवढंच म्हटलंय. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९ मे २०२३ ला उत्तर मिळालं: न्यायाधीश ज्या न्यायालयातला, त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा. तोवर चार महिने गेले होते. नंतर त्या माजी न्यायमूर्तींनीच पद घ्यायला नकार दिला. मग निवृत्त न्यायमूर्ती उमेश कुमार यांच्या नेमणुकीची अधिसूचना निघाली, त्यावर नवा वाद, आणि ४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा शपथविधी लांबणीवर टाकला. मुख्यमंत्री आणि नायब राज्यपालांनी एकत्र बसून नाव ठरवावं, असं न्यायालयानं सुचवलं. तेही जमलं नाही. शेवटी ४ ऑगस्टला न्यायालयानंच निवृत्त न्यायमूर्ती जयंत नाथ यांना तात्पुरतं अध्यक्ष नेमलं.

राजधानीच्या वीजदरांचा फैसला करणाऱ्या आयोगाला सात महिने पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. त्याची सुरुवात एका संदिग्ध शब्दप्रयोगानं झाली आणि पुढचं दोन सत्ताकेंद्रांच्या रस्सीखेचीनं केलं.

निवृत्त अधिकारीच का दिसतात?

याचं मोठं कारण वयाच्या गणितात आहे. मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी होईल ते. भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे त्याला बरोबर पाच वर्षं मिळतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, त्याच्या वाट्याला जेमतेम तीन वर्षं. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश निवृत्त होतो तेव्हाच ६५ चा असतो, म्हणून तो बादच. आणि पन्नाशीतला एखादा वित्ततज्ज्ञ किंवा अभियंता चालू नोकरी सोडून पाच वर्षांसाठी यायला सहसा तयार होत नाही, कारण नंतर दोन वर्षं त्याच क्षेत्रात काम करता येत नाही. वरच्या वयाची ही मर्यादा आणि नंतरची बंदी एकत्र धरली, की उमेदवार कुठून येणार हे बरंचसं आधीच ठरून जातं. अधिकारी वाईट असतात असं म्हणायचं नाही. पण ज्यानं तीस-पस्तीस वर्षं सरकारच्या बाजूनं विचार केला, त्याला एका सकाळी पंचाच्या खुर्चीत बसून वेगळा विचार करायला सांगितलं जातं, हे लक्षात असावं.

कायदा जाणणारा कुणी नको का?

हाच प्रश्न गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयात गेला. आयोग जर न्यायालयासारखे निवाडे देतो, तर अध्यक्ष न्यायाधीशच हवा, असा दावा होता. १२ एप्रिल २०१८ च्या निकालात न्यायालयानं मधला मार्ग काढला. अध्यक्ष न्यायाधीश असावा ही सक्ती नाही, कारण कायद्यात 'नेमू शकेल' असं आहे. पण आयोगात एक तरी सदस्य कायद्याचा हवाच: न्यायिक पदावर काम केलेला, किंवा वकिलीचा भरीव अनुभव असलेला आणि उच्च न्यायालयाचा न्यायाधीश वा जिल्हा न्यायाधीश होण्यास पात्र असलेला. आधीच्या नेमणुका रद्द केल्या नाहीत. पुढची जागा रिकामी होईल तेव्हापासून हे पाळायचं होतं.

संसदेत ८ ऑगस्ट २०२२ ला मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात राज्य आयोगाचे सदस्य तीनवरून चार करण्याची आणि त्यांत कायद्याच्या पार्श्वभूमीचा सदस्य ठेवण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं.

खुर्चीवर बसल्यावर

सदस्य पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतो. दुसरं कोणतंही पद धरता येत नाही. मानधनाचं असो की मानाचं, कायदा फरक करत नाही. पगार नेमणुकीनंतर त्याच्या तोट्याचा होईल असा बदलता येत नाही. हे लाड नव्हेत. दर आदेश आवडला नाही म्हणून कुणी पगाराला कात्री लावू नये, यासाठीची ती तजवीज आहे.

निर्णय बहुमतानं होतो, प्रत्येकाला एक मत. मतं समसमान झाली तर अध्यक्षाचं जादा मत. आयोगाला साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यांसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि त्याचं कामकाज न्यायिक मानलं जातं. म्हणून न्यायाधीशाला लागू होणारी एक जुनी शिस्त इथंही येते: स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्याय करू नये. अध्यक्षानं आधीच्या नोकरीत महावितरणच्या एखाद्या करारावर सही केली असेल आणि त्याच कराराचा वाद समोर आला, तर त्यानं त्या सुनावणीतून बाजूला व्हायला हवं.

हे तत्त्व किती काटेकोर आहे ते १९६९ च्या क्रैपक निकालात दिसतं. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेसाठी निवड होत होती आणि निवड मंडळावरचा एक अधिकारी स्वतःही उमेदवार होता. त्याचं नाव विचारात आलं तेव्हा तो उठून गेला. तेवढं पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कारण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांबद्दलच्या चर्चेत तो होताच. निवड रद्द झाली. पक्षपात झालाच हे सिद्ध करावं लागत नाही. तो होण्याची वाजवी शक्यता दिसली तरी पुरतं.

दर आदेशाच्या बाबतीत पाळायची शिस्त वेगळी. कंपनीचा अर्ज प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना-हरकती घ्यायच्या, त्यांचा विचार करायचा आणि परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा. हरकतीला आदेशात उत्तर सापडलं नाही, तर ते अपिलाचं कारण होऊ शकतं.

सरकार आयोगाला हुकूम सोडू शकतं का?

धोरणाच्या बाबतीत, लेखी आणि सार्वजनिक हिताचं असेल तर निर्देश देऊ शकतं. कलम १०८ म्हणतं, आयोगानं अशा निर्देशांचं मार्गदर्शन घ्यावं. एखादी बाब सार्वजनिक हिताची आहे की नाही यावर वाद झाला, तर शेवटचा शब्द सरकारचा. वाचताना वाटतं, मग स्वातंत्र्य उरलं कुठं? पण 'मार्गदर्शन घ्यावं' आणि 'बांधील राहावं' यांत अंतर आहे. अमुक प्रकरणात अमुक दर लावा, असं सरकारला सांगता येत नाही. एखाद्या गटाला स्वस्त वीज द्यायचीच असेल, तर कलम ६५ प्रमाणे सरकारनं त्या सवलतीची रक्कम आगाऊ भरायची. शेतीपंपांच्या सवलतीचा हिशेब याच कलमातून चालतो.

हटवायचं झालं तर?

इथं कायदा सर्वांत कडक आहे. दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा आणि शारीरिक वा मानसिक अक्षमता या तीन कारणांवर सरकार थेट आदेश काढू शकतं. पण कामावर परिणाम करणारा हितसंबंध निर्माण केला, पदाचा दुरुपयोग केला किंवा गैरवर्तन सिद्ध झालं, या आरोपांवर सरकारला एकट्यानं काही करता येत नाही. प्रकरण विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांकडे पाठवायचं, त्यांनी चौकशी करायची आणि हटवावं असा अहवाल दिला तरच हटवायचं. चौकशी चालू असताना निलंबित करायचं तरी त्यांचा सल्ला घ्यावा लागतो. म्हणजे नेमताना सरकारला हात बराच मोकळा आणि काढताना बांधलेला.

उलट बाजूही पाहू. चौकशीसाठी प्रकरण पाठवायचा अधिकार फक्त सरकारचा. सदस्य महावितरणला झुकतं माप देतोय अशी एखाद्या ग्राहक संघटनेची तक्रार असली, तरी ती थेट न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांकडे नेता येत नाही. आधी ऊर्जा विभागाला पटवावं लागतं, म्हणजे कंपनीच्या मालकालाच. सदस्य सरकारविरोधी वागला तर हे दार उघडायला सरकार तयार असेल, सरकारधार्जिणा वागला तर नसेल. नागरिकाकडे उरतं ते उच्च न्यायालय. नेमणूकच अपात्र माणसाची असेल, तर 'कोणत्या अधिकारानं हे पद धरलंय' असं विचारणारी याचिका करता येते. लाच घेतल्याचा आरोप असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे, कारण कलम १६९ नुसार सदस्य लोकसेवक मानले जातात.

पद सोडल्यावर

दोन वर्षं व्यापारी नोकरी नाही. 'व्यापारी नोकरी'ची व्याख्या रुंद आहे: आयोगासमोर पक्षकार राहिलेली कोणतीही संस्था, वीज उद्योगात व्यवसाय करणारं कुणीही, संचालकपद, भागीदारी, सल्लागारी, सगळं त्यात आलं. दुसरी बंदी मुदतीशिवायची आहे. कोणत्याही राज्य आयोगासमोर वा केंद्रीय आयोगासमोर कुणाचीही बाजू मांडायची नाही. त्याच आयोगात त्याच पदावर फेरनेमणूक नाही. 'त्याच पदावर' या शब्दांमुळे सदस्याला अध्यक्ष होण्याची वाट मात्र खुली राहते.

सरकारी नोकरीवर मात्र वीज कायदा बंदी घालत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कायद्यात ती होती, तीही कायमची: अध्यक्षानं नंतर केंद्र वा राज्य सरकारची नोकरी घ्यायची नाही. मे २०१४ मध्ये प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्रा यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमायचं ठरलं, तेव्हा ही अट आडवी आली. २८ मे रोजी वटहुकूम काढून ती बदलली आणि जुलैमध्ये संसदेनं दुरुस्ती मंजूर केली. आता बंदी दोन वर्षांची आहे, आणि सरकारच्या पूर्वपरवानगीनं तीही शिथिल होते. मिश्रा यांनी अध्यक्षपद २००९ मध्येच सोडलं होतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत धोका फारसा नव्हता, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण एका नेमणुकीसाठी सगळ्यांचा नियम बदलला. बंदी ज्या सरकारपासून जपण्यासाठी होती, सूट देण्याचा अधिकार त्याच सरकारकडे गेला.

शेअर बाजाराच्या नियामकाकडे, सेबीकडे, मंडळ सदस्यांच्या हितसंबंधांबाबत २००८ पासून आचारसंहिता आहे. तिचा फेरआढावा घेण्यासाठी मार्च २०२५ मध्ये उच्चस्तरीय समिती नेमायचा निर्णय झाला. म्हणजे हा प्रश्न विजेपुरता नाही.

जागा रिकामीच ठेवली तर?

कायद्यानं वेळापत्रक दिलंय. मुदत संपणार असेल तर सहा महिने आधी सरकारनं समितीला कळवायचं. मृत्यू, राजीनामा किंवा हकालपट्टीनं जागा गेली तर महिन्याभरात. समितीनं तीन महिन्यांत नावं द्यायची. इथवर ठीक. पण दोन नावं हाती आल्यावर सरकारनं किती दिवसांत निवड करायची, हे लिहिलेलं नाही, आणि वेळ चुकली तर शिक्षाही नाही. त्यात कलम ९३ म्हणतं, जागा रिकामी आहे एवढ्यानं आयोगाचं कामकाज अवैध ठरत नाही. हे कलम हवंच, नाहीतर एकाच्या राजीनाम्यानं सगळं ठप्प होईल. पण त्याच्या आडोशानं तिघांचं काम दोघांवर, कधी एकावर ढकलता येतं. मग मतभिन्नतेला जागा उरत नाही आणि कायद्याचा सदस्यच नसला तर २०१८ च्या निकालाचं काय, हा प्रश्न उभा राहतो.

ग्राहकाला यातलं काय तपासता येईल?

आदेशाचं शेवटचं पान आधी उघडा. किती सह्या आहेत, कुणाच्या आहेत आणि कुणी वेगळं मत नोंदवलंय का ते पाहा. सदस्याच्या नेमणुकीची तारीख अधिसूचनेत असते. तिच्यात पाच वर्षं मिळवा, पासष्टी कधी आहे ते पाहा, आणि जी तारीख आधीची, तिच्या सहा महिने मागं जा. त्या दिवसापर्यंत सरकारनं निवड समितीला पत्र पाठवलं का, एवढंच माहिती अधिकारात ऊर्जा विभागाला विचारा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. आदेशच चुकीचा वाटत असेल तर मार्ग वेगळा: आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणात अपील, आणि तिथल्या निकालावर कायद्याच्या प्रश्नापुरतं ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय. सदस्याच्या वागण्याची तक्रार अपिलात आणि आदेशातली चूक तक्रारअर्जात घातली, की दोन्ही कागद बाजूला पडतात.